बिनपायडलची सायकल घेताना केलेली मापं



बागेत मणी पाणी उतरायला लागलेत, त्याची नोंद दोन दिवसांत टाकतो. आजची नोंद बागेतली नाही, अंगणातली आहे. नातीसाठी बिनपायडलची सायकल घेतली. दुकानात तिला बॅलन्स बाईक म्हणतात. घेतल्यापासून वस्तीवर येणारा प्रत्येक माणूस एकच विचारतो, "आबा, हिला पायडल कुठाय? दुकानदारानं अर्धवटच दिली का काय?" व्यापारी झाला, फवारणीची पोरं झाली, दूध न्यायला येणारा झाला, सगळ्यांना सांगून सांगून तोंड दुखलं. म्हणून एकदाच लिहून ठेवतो. ज्यांच्या घरात दीड ते चार वर्षांचं पोर आहे त्यांनी सावकाश वाचा. बाकीच्यांनी सोडून दिलं तरी चालेल.

भाऊबीजेला लेक पिंपरीहून आली, तिच्याबरोबर तिच्या पोराची असली गाडी आली. ते पोर साडेतीन वर्षांचं. त्यांच्या सोसायटीच्या पार्किंगात शिकलंय. दोन्ही पाय वर घेऊन असं सरकत जायचं की बघत राहावं. आमची नात दोन दिवस त्या गाडीला चिकटून. पाय जमिनीला टेकत नव्हते, पण दांडी सोडायला तयार नाही. लेक गेली, गाडी गेली आणि घरात रडारड सुरू झाली. सूनबाई म्हणाली, आपणही घेऊया. आमच्या मंडळी म्हणाल्या, "त्यापरीस तीनचाकी घ्या, पोरगी पडायची तरी नाही." एक पाहुणा म्हणाला, पोरीला कशाला गाडी? त्याला चहा देऊन वाटेला लावलं. मी म्हटलं, आधी मापं घेऊ, मग ठरवू.

मापं का, ते सांगतो. आमची नात सहा आठवडे आधी जन्मली. वजन १ किलो ९०० ग्रॅम. पहिले काही दिवस काचेच्या पेटीत होती. चालायला लागली ती सतराव्या महिन्यात. बालरोगतज्ज्ञांनी तेव्हाच सांगितलं होतं की आधी जन्मलेल्या पोराचं थोडं मागंपुढं होतं, वाढ चांगली आहे, भरपूर खेळू द्या. आता ती २ वर्षं २ महिन्यांची आहे, पण तिच्याच वयाच्या पोरांशेजारी उभी केली की बारकी दिसते. आणि या गाड्यांच्या खोक्यावर काय छापलेलं असतं? "२ ते ५ वर्षे". आता दोन वर्षांची सगळी पोरं एका मापाची असतात का? आपण छाटणीनंतरचे दिवस मोजतो ते अंदाजासाठी. जीएची बुडवणी द्यायची ती मण्याची साईज मोजून, नुसतं कॅलेंडर बघून नाही. गाडीचंही तेच.

पहिलं माप टांगेचं. पोराला अनवाणी भिंतीला पाठ टेकवून उभं करायचं. पातळ पुस्तक दोन पायांच्या मध्ये आडवं धरून अलगद वर न्यायचं, टेकलं की भिंतीवर पेन्सिलीनं खूण करायची आणि तिथनं जमिनीपर्यंत टेप लावायचा. नात खिदळत होती, म्हणून तीन वेळा घेतलं. ३१, ३०, ३० सेंटिमीटर. ३० धरलं. गाडीची सीट सगळ्यात खाली केल्यावर या मापापेक्षा २ ते ३ सेंटिमीटर खालीच पाहिजे. म्हणजे आम्हाला २७–२८ सेंटिमीटरवर येणारी सीट हवी होती. कारण सोपं आहे. पोर सीटवर बसल्यावर दोन्ही पावलं पूर्ण टेकली पाहिजेत आणि गुडघा जरा वाकलेला राहिला पाहिजे. नुसते चवडे टेकले तर रेटा देता येत नाही आणि थांबताही येत नाही. या गाडीचं इंजिनही पाय आणि ब्रेकही पाय.

दुसरं माप वजनाचं. गोठ्याच्या तुळईला हुकाचा काटा टांगला, आजीच्या लुगड्याची झोळी केली, पोरीला बसवली. अंगणवाडीत तशीच वजनं घ्यायचे. झोळी वजा जाता १० किलो २०० ग्रॅम भरली. गाडीचं वजन पोराच्या वजनाच्या ३० टक्क्यांच्या आत असावं असं जाणकार सांगतात. आमचा हिशोब ३ किलो ६० ग्रॅमचा निघाला. वजनाला एवढं महत्त्व का? तर गाडी पडते. दिवसातनं वीसदा पडते. ती पोराला स्वतःला उचलता आली पाहिजे. दर वेळी कुणी मोठं माणूस उचलायला लागलं की पोर दोन दिवसांत कंटाळतं आणि गाडी माळ्यावर जाते. खोंडाच्या मानेवर मोठ्या बैलाचं जू ठेवतो का आपण?

ही दोन मापं वहीच्या पानावर लिहून सांगलीला गेलो. काटा पिशवीत घातला. पहिल्याच दुकानात काटा बाहेर काढल्यावर दुकानदार हसला. मी म्हटलं, पेटीचं वजन करून घेताना आमचा व्यापारी कधी लाजत नाही, मी कशाला लाजू? पहिली गाडी ४ किलो ६०० ग्रॅम भरली. सीट सगळ्यात खाली ३५ सेंटिमीटर. खोक्यावर "२ ते ५" छापलेलंच होतं. आमच्या नातीच्या अर्ध्या वजनाला आली की! दुसरी दिसायला देखणी, लाकडी, पण सीटला तीनच भोकं आणि सगळ्यात खालचं ३२ वर. तिसरी चार चाकांची, गुलाबी, टोपली लावलेली. तिची पुढची दोन आणि मागची दोन चाकं लांब लांब बसवलेली. दुकानदार म्हणाला, हीच घ्या काका, अजिबात पडत नाही.

तिथंच खरी गोम आहे. जी पडत नाही ती तोल शिकवत नाही. आपण मोटारसायकल डावीकडं वळवताना काय करतो? अंग आणि गाडी दोन्ही डावीकडं कलतात. आणि तोल डावीकडं जायला लागला की हँडलही हळूच डावीकडं वळवतो, म्हणजे चाकं परत आपल्या खाली येतात. जिकडं पडायला लागलो तिकडंच वळायचं, हे दोन चाकांचं सगळं गुपित. ते डोक्यानं शिकता येत नाही, अंगानंच शिकावं लागतं. बाजूला दोन आधाराची चाकं असली की गाडी कलतच नाही. वळताना पोर उलट बाहेरच्या बाजूला झुकतं, बैलगाडीत बसल्यासारखं. मग पाच वर्षांचं झाल्यावर ती चाकं काढली की पोराला सगळं पहिल्यापासून शिकायला लागतं, आणि वर आधीची सवय मोडायला लागते. पायडल मारणं ही त्या मानानं सोपी गोष्ट आहे, ते दोन-चार दिवसांत जमून जातं. अवघड आहे तो तोल, तो आधी झाला की झालं. आपल्याकडचा पांगुळगाडा वेगळ्या कामाचा. तो उभं राहायला आणि पाऊल टाकायला आधार देतो. त्याची तीन चाकं त्या कामाला बरोबर आहेत. पण चालता यायला लागल्यावर आपण पोराला पांगुळगाड्यात ठेवत नाही.

आमच्या पिढीनं हे वेगळ्या वाटेनं केलं. पलूसच्या बाजारात तासाला पन्नास पैसे भाड्यानं सायकल मिळायची. ती मोठ्या माणसाची. सीटपर्यंत पाय पुरायचा नाही म्हणून मधल्या नळीखालनं पाय घालून हाफ पायडल मारायचो. गुडघ्यांवर त्याच्या खुणा अजून आहेत. तेव्हा आमचं वय दहा-अकरा. दोन वर्षांच्या पोराला सायकल द्यावी असं कुणाच्या डोक्यातही आलं नसतं, कारण त्या मापाची वस्तूच नव्हती.

वस्तू मात्र जुनी आहे, हे वाचून मला नवल वाटलं. जगातली पहिली दोन चाकांची गाडी बिनपायडलचीच होती. जर्मनीत मानहाइम गावात कार्ल द्राईस नावाचा वनखात्यातला अधिकारी होता. त्यानं १८१७ साली लाकडाची दोन चाकं एकामागं एक बसवली, वर बसायला जागा केली आणि पायानं जमीन रेटत १२ जूनला गावाबाहेर चक्कर मारून आला. त्या गाडीचं वजन वीस किलोच्या पुढं होतं. आपल्याला जवळची वाटेल अशी गोष्ट पुढंच आहे. १८१५ च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला. त्याच्या राखेनं आणि धुरानं आभाळ झाकोळलं, आणि १८१६ साली युरोपात उन्हाळा असा पडलाच नाही. पिकं बुडाली, ओट महाग झाला, घोड्यांना चारायचं काय हा प्रश्न पडला. म्हणून घोड्याशिवाय चालणारी गाडी त्याला सुचली, असं काही इतिहासकार मांडतात. सगळ्यांना ते मान्य नाही. पण वैरण संपल्यावर माणूस काय काय विचार करतो हे दुष्काळात दावणीला जनावरं बांधलेल्या माणसाला सांगायला नको. पायडल त्यानंतर चाळीसेक वर्षांनी, १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला लागलं. म्हणजे माणसानंसुद्धा आधी तोल सांभाळला आणि पायडल मग मारलं.

सायकलचा विषय निघालाच आहे तर आपल्याच भागातलं एक. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सुरुवात केली ती सायकलच्या दुकानापासून. कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर नंतरचे. १९१० साली कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना आला, औंधच्या राजांनी दिलेल्या जागेत. आमच्या आजोबांच्या दावणीला तो नांगर होता. असो. विषय लांबतोय.

आता खर्च वाचवायच्या वाटा, कारण हे बरेच जण विचारणार. गावातल्या वेल्डरनं मला सांगितलं, "आबा, कशाला विकत घेता, सातशे रुपयांत पाईपची बनवून देतो." गडी हुशार आहे, आमच्या ब्लोअरचं कितीतरी काम त्यानं केलंय. म्हटलं, आधी वजन काढू. त्याच्याकडचा सगळ्यात हलका पाईप लागेल तेवढा मोजला, जुनी १२ इंची दोन चाकं काट्याला लावली, सीट आणि हँडल धरलं. साडेसहा किलोच्या वर गेलं. त्याचं त्यालाच पटलं. तीस-बत्तीस किलोच्या पोराला बनवायची असती तर जमलं असतं, पण त्या वयाच्या पोराला ही लागत नाही.

दुसरी वाट मात्र कामाची आहे. घरात आधीच्या पोराची १२ किंवा १४ इंची जुनी सायकल पडून असेल आणि आताचं पोर साडेतीन-चार वर्षांचं, उंचीनं बरं असेल, तर नवीन काही घेऊ नका. तिची आधाराची चाकं काढा, दोन्ही पायडलं काढा, सीट तळाला न्या. झाली बॅलन्स बाईक, फुकटात. काढताना एवढं लक्षात ठेवा की डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. उजवं नेहमीसारखं सैल होतं, डावं उलट्या बाजूला फिरवायला लागतं. नाहीतर पाना लावून जोर करत बसाल आणि आटे जातील. पायडलचे दांडे ठेवले तर नडगीला लागतात. जमत असेल तर तेही चेनसकट सायकलवाल्याकडून उतरवून घ्या. पोराला तोल आला की तीच पायडलं परत बसवायची. आमच्या नातीला हे चाललं नसतं. असल्या सायकलची सीट कितीही खाली केली तरी तिच्या मापाला येत नव्हती आणि वजन सात किलो.

वापरलेली मिळाली तरी घ्यायला हरकत नाही. ही गाडी जेमतेम दीड-दोन वर्षं लागते, झिजत फार नाही. फक्त पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरून हँडल हलवून बघा. वाटीत खडखड लागली तर छर्रे गेलेत किंवा नट सैल आहे. चाक हातानं फिरवून कानानं ऐका. बैलगाडीच्या आसाचं ऐकतो तसंच.

टायरचा प्रश्न शेतकऱ्यासाठी शहरवाल्यापेक्षा वेगळा आहे. दोन प्रकार येतात. एक हवेचा, ट्यूबवाला. दुसरा भरीव फोमचा, चपलेच्या तळासारखा. हवेचा टायर खड्ड्यात मऊ चालतो, धरही चांगला, पण वजन वाढवतो. आणि वस्तीवर बाभळीचे काटे किती आणि सराटे किती हे तुम्हाला माहीत आहेच. दर दोन दिवसांनी पंक्चर. १२ इंची ट्यूब गावात मिळतही नाही. फोमचा टायर हलका, काटा रुतला तर उपटून टाकायचा. पण त्याची खोड अशी की ओल्या गुळगुळीत फरशीवर तो घसरतो आणि खडीवर हादरे देतो. आमचं अंगण मुरमाचं, वर बारीक खडी. ढेकळात तर कुठलीच गाडी चालणार नाही. मग गाडी फोमचीच घ्यायची आणि चालवायची जागा वेगळी शोधायची असं ठरवलं. चुलतभावाच्या बेदाणा शेडपुढं निवडणीसाठी केलेला कोबा आहे, साधारण चाळीस बाय पंचवीस फूट. डिसेंबर-जानेवारीत तो मोकळाच असतो. एका बाजूला पाणी निघून जावं म्हणून किंचित उतार आहे, दहा फुटाला दोन बोटं. शिकायला याच्यापेक्षा चांगली जागा नाही. दाट हिरवळ नको, चाक अडतं. उघडा डांबरी रस्ता तर नकोच.

शेवटी पुण्याच्या एका दुकानातनं लेकीनं माप सांगून आणली. सीट सगळ्यात खाली २८ सेंटिमीटर, अॅल्युमिनियमचा सांगाडा, फोमची चाकं. इथं काट्याला लावली तर २ किलो ९६० ग्रॅम. ३,६५० रुपये. आमच्या मंडळी म्हणाल्या, "खताची दोन पोती आली असती." खरं आहे. पण पोतं उसाला एकदा घातलं की संपलं, ही गाडी नातीनंतर अजून दोघांना तरी पुरेल असं सांगून वेळ मारून नेली.

बाकी बारीकसारीक जे बघितलं ते असं. हँडलच्या मुठींच्या टोकाला जाड गोल बोंडं असावीत, पडल्यावर दांडीचं टोक पोटात घुसत नाही. मूठ बारीक पाहिजे. पोराच्या हाताची बोटं पूर्ण वळली पाहिजेत. चाकाच्या आसाचे नट बाहेर आलेले नसावेत किंवा वर टोपण असावं, कारण रेटा देताना पाय मागं जातो आणि घोटा तिथंच घासतो. सीटच्या मागं पाय ठेवायला फळी असली की दिसायला बरी वाटते, पण शिकणाऱ्या पोराच्या पोटऱ्या तिच्यावर आपटतात. आमच्या गाडीला नाही, अडलं काही नाही. हाताचा ब्रेक दोन वर्षांच्या पोराला ओढता येत नाही, त्याच्यासाठी जादा पैसे देऊ नका. तीन-साडेतीन वर्षांच्या पोराची गोष्ट वेगळी, त्यानं ब्रेकची सवय करावी. आणि चौदा वर्षांखालच्या पोरांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआयचं चिन्ह सक्तीचं झालंय. खोक्यावर ते शोधा. रंग चाटला तरी विष पोटात जाऊ नये, हा त्यातला एक मुद्दा आहे. आमची नात मूठ तोंडात घालते, म्हणून हे लिहिलं. याच कारणानं गाडी औषधाच्या खोलीत ठेवायची नाही आणि फवारणीच्या दिवशी ब्लोअरजवळ न्यायची नाही, हा घरात नियम केलाय.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. गाडी घ्यायची ठरली त्या रात्री सूनबाईनं एकच प्रश्न विचारला. "आबा, ही गाडी घेऊन ती शेततळ्याकडं गेली तर?"

मी गप्प बसलो. पायानं चालणारं दोन वर्षांचं पोर आपल्या नजरेच्या टप्प्यातनं जायला वेळ लागतो. चाकांवरचं पोर उताराला लागलं की मोठ्या माणसाला पळायला लागतं, आणि माझ्या गुडघ्यांची अवस्था तुम्हाला ठाऊक आहे. आमच्या घरापासनं शेततळं दीडशे फुटांवर, आणि वाट तिकडंच उतरती. शेततळ्यात पोर गेल्याची बातमी दर वर्षी कुठून तरी येते. आतला प्लास्टिकचा कागद इतका निसरडा असतो की पोहता येणाऱ्या मोठ्या माणसालासुद्धा काठाला येऊन वर चढता येत नाही. आमच्या तळ्याला तीन बाजूंनी जाळी होती, मोटरीची बाजू ये-जा करायला मोकळी होती. सूनबाई म्हणाली, "आधी ती बाजू बंद करा, मग गाडी आणा." तिचं बरोबर होतं. चौथ्या बाजूला पाच फुटी जाळी आणि फाटक बसवलं, कडी माझ्या छातीच्या उंचीला आतल्या बाजूनं. ९,४०० रुपये गेले, गाडीच्या अडीचपट. त्याच वेळी चारही बाजूंना गाठी मारलेले दोर पाण्यापर्यंत सोडले आणि ट्रॅक्टरच्या दोन जुन्या ट्यूब हवा भरून काठाला बांधल्या. स्लरीच्या टाकीवर लोखंडी झाकण होतंच, त्याला कुलूप लावलं. विहिरीला कठडा आहे, तो मापून बघितला, साडेतीन फूट भरला.

ट्रॅक्टरचं वेगळंच. मागं ब्लोअर जोडलेला असताना ड्रायव्हरला मागचं पोर दिसत नाही. गाडीवर बसलेलं पोर तर उभ्या पोरापेक्षा ठेंगणं. म्हणून भिंतीत सहा फुटांवर खुंटी मारली. गाडी खुंटीला दिसली तरच ट्रॅक्टरला चावी. गडी नवीन असो वा जुना, हे आधी सांगायचं. पहिल्या आठवड्यात मला दोनदा ओरडायला लागलं, आता तेच खुंटीकडं बघून मग चढतात.

हेल्मेट लेकीनंच पाठवलं. त्यालाही माप लागतं. टेप कपाळावरनं, कानाच्या वरनं डोक्याभोवती फिरवायचा. नातीचं ४७ भरलं. घातल्यावर पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटं पाहिजे. मागं सरकून कपाळ उघडं पडलं तर ते असून नसून सारखंच. हनुवटीखालच्या पट्ट्यात एक बोट जावं, जास्त नाही. आधी ती घालायचीच नाही, भिरकावून द्यायची. आजीनं एक दिवस स्वतःच्या डोक्यावर माझं मोटारसायकलचं हेल्मेट घालून ज्वारी निवडली. दुसऱ्या दिवसापासनं पोरगी आपलं हेल्मेट मागून घेते. पायात बंद बूट, चप्पल नको. ब्रेक पायाचा आहे, अंगठ्याचं नख जातं.

आता कसं चाललंय ते सांगून थांबतो. पहिले आठ-दहा दिवस ती सीटवर बसलीच नाही. गाडी दोन पायांत धरून नुसती चालायची, जनावर पाण्यावर न्यावं तशी. शेजारी म्हणाले, पैसे वाया गेले. मी कुणाला काही बोललो नाही, आणि मागनं धरून ढकलायला कुणाला दिलंही नाही. मागनं सीट धरली की तोल धरणाऱ्याच्या हातात जातो, पोराच्या अंगात येत नाही. फारच वाटलं तर पोराच्या काखेजवळ हात धरायचा, गाडीला हात लावायचा नाही. मग एक दिवस आपोआप बसली. बसून चालायला लागली, पावलं लांब पडायला लागली. गेल्या आठवड्यात कोब्याच्या उताराच्या बाजूला दोन्ही पाय एकदम उचलले. तीन फूट गेली असेल. टेकली, मागं वळून बघितलं, परत वर चढत नेली. त्या दिवशी संध्याकाळी सूनबाईनं तिच्या आईला फोन लावून हेच अर्धा तास सांगितलं. पेटीतल्या दिवसांत तिनं काय काढलंय ते आम्ही बघितलंय, म्हणून मी जेवण गार झालं तरी काही बोललो नाही.

टांग परत मोजली, ३१ सेंटिमीटर. सीट एक सेंटिमीटर वर केली. दर महिन्याच्या एक तारखेला मोजायचं ठरवलंय, भिंतीवर खुणा चालू आहेत. अडचण पुढंच आहे. फेब्रुवारीच्या मध्याला चुलतभावाच्या शेडवर बेदाण्याचं काम सुरू होईल, मग कोबा मिळणार नाही. अंगणातली खडी उचलून मुरूम दाबून घ्यावा, का गोठ्यामागं वीस बाय पंधराचा कोबा करून घ्यावा या विचारात आहे. कुणी मुरमावर शेणकाल्याचं सारवण करून त्यावर फोमची चाकं चालवून बघितली असतील तर कशी चालतात ते कळवा.